ढवळीचे सातवे घर

धुक्याची दुलई पांघरून निजणाऱ्या एका डोंगराच्या पायथ्याशी, हिरव्यागार चिंचबनाला लागून, एक चिमुकली वाडी होती. त्या वाडीत येसू नावाची सात वर्षांची मुलगी आपल्या आईसह एका खोलीच्या घरात राहत असे. वडील देवाघरी गेल्यापासून आई एकटीच मागावर घोंगड्या विणी. विणलेल्या घोंगडीला चिंचोक्यांची खळ लावावी लागे, म्हणजे ती ताठ आणि टिकाऊ होई. परंतु तीच खळ उंदरांना मिठाईहून प्रिय होती. त्या हिवाळ्यात उंदरांनी दोन घोंगड्यांची अगदी चाळण करून टाकली. तिसरी अजून मागावर होती. तिचीही तीच गत झाली, तर माग उतरवून आपण मामाच्या गावी मजुरीला जाऊ, असे आईने सांगितले, तेव्हापासून येसूला घास गोड लागेना.

साऱ्या वाडीत मांजर एकच, ती म्हणजे ढवळी. तिला नुकतेच एक पिल्लू झाले होते, कापसाच्या बोंडासारखे पांढरे आणि गुलाबी नाकाचे. मांजरी आपले पिल्लू सात घरे हिंडवते आणि सातव्या घरी तिचे मन रमले तर तेथेच राहते, अशी त्या वाडीतील समजूत होती. ढवळीची सहा घरे झाली होती. आज येसूच्या घराची पाळी होती.

पहाटेपासून येसूचा एक पाय उंबऱ्याच्या आत, तर एक बाहेर. तिने तीन वेळा केर काढला. पिल्लासाठी काढलेली टोपली या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. शेजारच्या भागूमावशी दारावरून जाता जाता थांबल्या आणि पदराआड हसत म्हणाल्या, "येसू, तुझाच पाय एका जागी ठरत नाही, तर मांजरीचा कसा गं ठरायचा?"

ते शब्द येसूच्या मनाला लागले. तेवढ्यात आईने तिला चिंचेखाली निवत ठेवलेले खळीचे मडके आणायला पाठवले.

मडक्याजवळ जाऊन पाहते तो काय! काठावरच्या चिकट खळीत एक अंगठ्याएवढी परी अडकली होती. तिचे पंख चिंचेच्या फुलासारखे फिकट पिवळे असून त्यांवर तांबड्या रेषांची नाजूक नक्षी होती. येसूला घरी परतण्याची विलक्षण घाई होती. तरीही तिने परकराचे टोक जवळच्या ओढ्यात भिजवून आणले आणि ते इवलेसे पंख हलक्या हाताने, कण न् कण पुसून, मोकळे केले. परीने पंख झटकले, तशी सोनेरी धूळ उन्हात लुकलुकली.

परी म्हणाली, "गुणाची गं पोर! तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. मात्र स्वतःसाठी काही मागायचे नाही. एकदा दिलेले मी नाहीसे करणार नाही. आणि सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी तिन्ही मागून झाल्या पाहिजेत."

येसूने विचार करण्यापुरताही दम धरला नाही. पिल्लासाठी तिने जांभळ्या मखमलीची, रुपेरी घुंगरांची गादी मागितली. लगोलग ढवळीसाठी दुधाने भरलेली, चांदण्यासारखी चकाकणारी चांदीची वाटी मागितली. क्षणात ती अंधारी खोली झगमगून गेली. आईने डोळ्यांपुढे हात धरला आणि आता पाय कोठे ठेवावा, एवढेच विचारले.

उन्हे कलली, तेव्हा ढवळी आली. पिल्लू तिने मानेला धरले होते. तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले. वाऱ्याने गादीचे घुंगरू वाजले. वाटीची तिरीप तिच्या डोळ्यांवर पडली. ढवळीच्या पाठीवरचे केस ताठ उभे राहिले. ती गर्रकन वळली आणि थेट चिंचबनात जाऊन एका बुंध्याआड दडली.

येसू धावत चिंचेखाली परीकडे गेली. सूर्य डोंगराच्या माथ्याला टेकू पाहत होता.

परी म्हणाली, "एक इच्छा उरली आहे. त्या लेकराला पक्के घर मिळावे, म्हणून ढवळीने तुझ्याच घरी राहावे, असे मागशील तर ती राहील. जन्मभर राहील."

येसूने तोंड उघडले. इतक्यात तिची दृष्टी ढवळीकडे गेली. कान मागे टाकून, थरथरत, ती पिल्लाला पोटाशी घेत होती. येसूचे डोळे भरून आले.

"नको. अशाने ती भीत भीत राहील," ती हळूच म्हणाली. "तिची भीती जाऊ दे. मग तिला आवडेल त्या घरी जाऊ दे."

"ते घर तुझे नसले तर?"

"नसले तर नसले," येसू म्हणाली, आणि तिने परकराने नाक पुसले.

घरी येऊन तिने गादी आणि वाटी उचलून बाहेर चिंचेखाली नेऊन ठेवली. मग, सकाळीच विचारावयास हवे होते, ते तिने आईला विचारले: पिल्लाला खरोखर काय लागते? मागावरचा हात न थांबवता आईने सारे सांगितले. त्याप्रमाणे येसूने टोपली मागाच्या पाठीमागे, जेथे कोणाचा पाय पडणार नाही अशा अंधाऱ्या जागी ठेवली. तीत आपले रोजच्या पांघरण्यातले, धुऊन धुऊन मऊ पडलेले घोंगडे घातले. मातीच्या परळात पाणी भरले. दूरच्या कोपऱ्यात, पिल्लाच्या शी-शूसाठी, फुटक्या घमेल्यात चुलीतली गार राख पसरली. पिल्लाच्या गळ्यात अडकू नयेत म्हणून लोंबणारे लोकरीचे धागे गुंडाळून उंच खुंटीला टांगले. आता करण्यासारखे काहीच उरले नाही. येसू भिंतीशी बसली. धावपळीहून हे बसणेच तिला जड जात होते.

दारात पांढरी सावली हलली. ढवळी आत आली. तिने परळ हुंगले, राख हुंगली, येसूच्या पायाचा अंगठा हुंगला. पिल्लू अलगद टोपलीत ठेवले. आणि मग एकटीच, मागे न पाहता, दारातून निघून गेली.

आईच्या मागाची खटखट थांबली. पिल्लू बारीक आवाजात रडू लागले. येसूला वाटले, उठून हाका माराव्यात. पण ती उठली नाही. त्याच वेळी, तिसरी इच्छा पुरी करून खिडकीत येऊन बसलेली परी लखलखली, पिवळ्या-तांबड्या ज्योतींनी खोली उजळली, आणि तिच्या जागी नुसता प्रकाश उरून तोही हळूहळू विरला. येसूने तिकडे वळूनही पाहिले नाही. तिची नजर दाराला खिळली होती.

त्या मावळत्या उजेडातून ढवळी आत आली. तिच्या तोंडात एक गलेलठ्ठ उंदीर होता. तो तिने मोठ्या ऐटीत आईच्या मागापुढे ठेवला, टोपलीत उडी घेतली आणि पिल्लाभोवती अंगाचे वेटोळे करून डोळे मिटले.

आई कितीतरी दिवसांनी हसली.

"येसू," ती म्हणाली, "मामाला निरोप धाडायचा. आम्ही काही येत नाही म्हणावे. आम्ही आता चौघी आहोत."