मोकळ्या जागेला वळसा

"गोरखा, हा बाण इथं का वाकला?"

दासगिरी बाबांचं बोट कागदावर होतं. वरच्या अकरा चौकटी ते न थांबता उतरून आले होते. बाराव्या चौकटीशी, म्हणजे स्वतःच्याच नावाशी, बोट अडलं.

गोरख गालातल्या गालात हसला. म्हातारं माणूस, वाकडी रेघ दिसली की चूक वाटायचीच. त्यानं समजावून सांगितलं की ही चूक नाही, बाण मुद्दाम वाकवलाय. सरळ काढला असता तर मधल्या चौकटीच्या पोटातून आरपार गेला असता, डोळ्याला बरं दिसलं नसतं.

"मधल्या चौकटीत कोण आहे?"

गोरखचं हसू ओठावरच सुकलं.

"…काशिनाथदादा."

सहा वर्षांत हे नाव मठात कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

ओट्याखाली जीप उभी होती. लिंबाजी ड्रायव्हर चाकाला टेकून तंबाखू मळत होता. पायरीशी एक म्हातारी माळ ओढत बसली होती. दुपारच्या आत कागद तालुक्याच्या छापखान्यात पोचला तरच दशमीपर्यंत प्रती हातात येणार होत्या, आणि दशमी चार दिवसांवर आली होती.

आता या मठाची रीत अशी. बारा वर्षांनी एकदा परंपरेचा पट नवा करायचा. वर मूळपुरुषाचं नाव, त्याखाली त्याचा शिष्य, त्याखाली त्याचा, अशी नावं चौकटीचौकटीतून उतरत यायची आणि चौकटीला चौकट रेघेनं बांधलेली असायची. माघातल्या दशमीला सगळा गाव समाधीपुढं बसतो. गादीवरचा महाराज पहिल्या नावावर बोट ठेवतो आणि रेघेरेघेनं खाली आणतो. मध्ये उचलायचं नाही, मागं न्यायचं नाही. शेवटी बोट ज्या नावावर थांबेल, पुढची गादी त्याची. भाषण नाही, सही-शिक्का नाही. बोट थांबलं की संपलं.

आजवर पट कापडावर असायचा, बोरूनं लिहिलेला. जुन्या पटाला कसर लागली, म्हणून यंदा गावानं ठरवलं की छापूनच घेऊ, घरोघर एक प्रत देऊ. तीनशे घरं होती. एकदा भिंतीला लागलेलं नाव बारा वर्षं कोण खोडतंय?

काम गोरखकडं आलं, कारण गोरख गणितात एमएस्सी झालेला. कॉलेजात तो लाटेक शिकला होता. लाटेक म्हणजे संगणकावर पानं मांडायची एक रीत. तिच्यात माउस धरून रेघा ओढत बसायचं नसतं, सगळं लिहून सांगायचं. इथं चौकट ठेव, तिला हे नाव दे, या चौकटीतून त्या चौकटीकडं बाण जाऊ दे. जे सांगाल ते यंत्र काढतं. पदरचं काही घालत नाही आणि आपणहून काही गाळत नाही. छापखानेवाला म्हणाला होता, द्या इकडं, मी करतो आमच्या पद्धतीनं. गोरखनं नाक मुरडलं होतं. असलं रेखीव काम तुमच्या जिल्ह्यात कुणाला जमणार नाही, असं त्याला तोंडावर ऐकवूनही आला होता.

नऊ वर्षं झाली होती त्याला मठात येऊन. आईनं दोनदा माणूस धाडला, नोकरी बघ, घर बघ म्हणून. तो गेला नाही. गादी गोरखचीच हे गाव धरून चालला होता, आणि खरं सांगायचं तर गोरखही. बाबा तेवढे हो म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते.

हा कागद जीपमध्ये बसला की बाबांनी काही म्हणायची गरजच उरणार नव्हती.

"अकरा पिढ्या सरळ उतरल्या," बाबा म्हणाले, "आणि तुझ्यापाशी येताना वाट वाकडी झाली?"

गोरख सांगू लागला. जुन्या पटावर बाबांच्या खाली काशिनाथदादाचं नाव होतं, बाबांच्याच हातचं. ते गाळायचा अधिकार आपला नाही, म्हणून ठेवलं. उद्या कुणी म्हणायला नको की गोरखनं नाव पुसलं. फक्त त्या चौकटीत रेघ जात नाही, इतकंच. नावाचा मानही राहिला आणि पटही पुढं गेला. बोलता बोलता त्याला स्वतःचंच बोलणं पटत चाललं.

बाबा ऐकत होते. काशिनाथच्या चौकटीवर त्यांनी नखानं दोनदा टकटक केलं.

…

गोरखनं त्याचा अर्थ लावला. नावच नकोय बाबांना. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. अरे, एवढंच होय. तो आत कोठीत पळाला, जिथं दाण्याच्या कणग्यांना खेटून प्रिंटर ठेवला होता. काशिनाथची एक ओळ खोडली, पान काढलं आणि ऊन ऊन बाबांपुढं धरलं.

बाबांनी पुन्हा वरपासून सुरुवात केली. घाई नाही. एकेका महाराजाशी बोट क्षणभर टेकायचं, जसा माणूस समाधीशी टेकतो, आणि पुढं सरकायचं. स्वतःच्या नावाशी आलं. तिथून उजवीकडं बाहेर पडलं, पोट काढून खाली उतरलं आणि आत वळून गोरखच्या चौकटीत शिरलं.

"आता इथं कोण आहे?" त्यांनी मधल्या पांढऱ्या जागेवर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवला.

"कोणी नाही, बाबा."

"मग वळसा कुणाला?"

गोरखनं कागद हातात घेतला. चौकट गेली होती, पण बाणाला त्यानं हात लावला नव्हता. बाण होता तसाच लांबून चालला होता, सुतकातलं घर टाळून माणूस जातो तसा. मध्ये मोकळी जागा, नेमकी एका चौकटीएवढी. नाव होतं तेव्हा निदान लोक ते वाचून पुढं गेले असते. आता पोरसुद्धा विचारणार होतं, इथं कोण होतं म्हणून.

"महाराज, बाण सुटला का?" खालून लिंबाजीनं आवाज दिला. "मी आपला चाकाशी मुळं फुटून बसलोय."

वर कुणी हसलं नाही.

गोरख म्हणाला, दोन मिनिटं द्या, सरळ करून आणतो. दोनच आकडे बदलायचेत. जागाही मिटवून टाकतो, माझी चौकट वर ओढली की झालं. कुणाला काही कळायचं नाही.

"इथंच आण ते यंत्र. मला बघू दे, काय बदलतोस."

त्यानं लॅपटॉप ओट्यावर आणला. बाबांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा नीट बसवला आणि पडद्याकडं वाकले. गोरखनं ओळ दाखवली. त्याच्या आवाजात पुन्हा थोडी ऐट आली. बाबा, बाणाला मधली वाट सांगावी लागत नाही, तिथं लोक चुकतात. दोनच गोष्टी आकड्यांत सांगायच्या. निघताना तोंड कुठं, आणि पोचताना कुठल्या बाजूनं शिरायचं. मधलं वळण आपोआप पडतं.

"निघताना तोंड कुठं आहे?"

"उजवीकडं. तुमच्या चौकटीच्या…"

आणि त्याची बोटं कळांवरच थांबली.

उजवीकडं.

सहा वर्षांमागं पाणी आटलं होतं. मठाच्या विहिरीत होतं तेवढंच. भंडाऱ्याला येणाऱ्या पाहुण्यांना पुरलं पाहिजे म्हणून बाबांनी विहिरीला कुलूप घातलं. काशिनाथनं ते दगडानं तोडलं आणि खालच्या वस्तीच्या बाया रात्रंदिवस पाणी ओढत राहिल्या. तिसऱ्या दिवशी काशिनाथ याच ओट्यावर आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि बाबांच्या पायावर वाकला. बाबांनी तोंड उजवीकडं केलं. भिंतीकडं. काशिनाथ वाकलेलाच राहिला, एक घागर भरायला लागते तितका वेळ. मग उठला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि गेला. सेलूकडं कुठल्याशा वस्तीवर मुलांना शिकवतो, असं नंतर ऐकू आलं.

गोरख तेव्हा मागंच उभा होता, हातात पंखा घेऊन. वारा घालत राहिला होता.

"थांबलास का?" बाबा म्हणाले.

दोन आकडे. दोन कळा दाबायच्या, पान काढायचं, लिंबाजीच्या हातात द्यायचं. दशमीला बाबांचं बोट सरळ खाली येणार, गोरखच्या नावावर थांबणार. नऊ वर्षांचं सार्थक.

…

त्यानं कळांवरून बोटं उचलली. आणि तो भलतंच बोलून गेला.

"मला मोडी दादानं शिकवली, बाबा."

गोरख थांबला नाही.

"धूळपाटीवर हात धरून. पोथी त्यानं लावून दिली. आरतीची चाल त्याची. तुमचं बोलणं मला कळायचं नाही, तो रात्री उलगडून सांगायचा. तुमच्यापर्यंत मी त्याच्याच बोटाला धरून आलो."

"मग पटावर लांबून का आलास?"

हे झोंबलं. चूक कबूल करून माणूस उघडा पडलेला असतो, तेव्हा आणखी टोचलं की तो उसळतोच. गोरख उसळला. नऊ वर्षांत बाबांपुढं त्याचा आवाज कधी चढला नव्हता.

"मी खोटं केलं, कबूल आहे. गादीची हाव सुटली, तेही कबूल. पण बाबा, वळण माझ्या दाराशी नाही पडलेलं. ते तुमच्या दाराशी पडलंय. त्या दिवशी तुम्ही तोंड उजवीकडं केलंत. मी नुसता आकडा लिहिला."

खाली लिंबाजीचं मळणं थांबलं. ओट्याच्या पायरीशी बसलेली म्हातारी माळ ओढायची थांबली.

गुरूला असं कुणी बोलत नाही. गोरखला ते बोलून झाल्यावर कळलं. आत कोठीत खुंटीला त्याची घोंगडी होती. ती कुठल्या खुंटीला आहे, हे तो मनाशी आठवू लागला.

बाबांनी चष्मा काढला. उपरण्याच्या टोकानं पुसला, पुसत राहिले. मग मान वळवून त्यांनी उजवीकडच्या भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं. चुना, आणि एक गंजका खिळा.

…

बराच वेळ ते तिकडंच बघत होते.

मग म्हणाले, "काशिनाथची चौकट परत ठेव."

गोरखनं ठेवली. बोटं अडखळली, नावात दोनदा चूक झाली, तिसऱ्यांदा बरोबर आलं. नाव जुन्या जागी बसलं, बाबांच्या थेट खाली. आता दशमीला बोट दादाच्या नावावर थांबणार, हे त्याला दिसत होतं. आणि तरी त्यानं विचारलं, कारण विचारल्यावाचून त्याला राहवलं नाही.

"आणि माझा बाण, बाबा? तो कुठून काढू?"

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पडद्याजवळ सरकले.

"तुझं मागाहून बघू. आधी माझं तोंड सरळ कर."