ढिगाऱ्याचं पाणी

“फक्त एक घोट, बाबा. तुम्ही प्यायलात की गाव पिईल. नाही का?”

खाणीचे ठावरी साहेब काचेचा पेला पुढं धरून उभे होते. मठाच्या ओसरीत केवळमुनी बाबा पंगतीसाठी वांगी चिरत बसले होते. शेजारी लेकराला मांडीवर घेऊन प्रणिताही चिरत होती, पण तिचा डोळा पेल्यावर.

बाबांनी घोट घेतला की उद्यापासून खाणीचा पिण्याच्या पाण्याचा टँकर बंद. मग तिच्या दोन वर्षांच्या लेकराच्या तोंडी नाल्याकाठच्या विहिरीचं हेच पाणी.

मागं याच पाण्यानं तांब्याची भांडी चिंचेवाचून लखलखली, तेव्हा बाया हरखल्या होत्या. प्रणितानं मात्र आपला हंडा ओतून दिला होता. जे तांब्याला सोडत नाही, ते आतड्याला सोडेल?

तिचा तर बाबांवरही भरवसा नव्हता. ओसरीवरचे नवे पत्रे खाणीनंच दिलेले...

“आंबटपणा पार गेला आता,” साहेब म्हणाले. “रोज चुना टाकतो आम्ही.”

“किती दिवस टाकाल?” बाबांनी विचारलं.

“पाणी आंबट येतंय तोवर.”

“ते आंबट कशानं होतं?”

“खाणीतून काढलेल्या दगडात गंधक असतं, बाबा. ढिगाऱ्याला वारा-पाऊस लागला की ते आंबतं, नि झिरपत विहिरीपर्यंत येतं.”

“खाण कधी संपते?”

“सहा वर्षांनी.”

“आणि ढिगारा?”

साहेबांनी पेला या हातातून त्या हातात घेतला...

बाबांनी आपल्या ताटातली एक फोड उचलून प्रणिताला दाखवली. “माय, ही काळी काहून पडली?”

“तुम्ही उघड्यावर टाकता न, बाबा. मी पाण्यात बुडवते. वारा लागला नाही तर काळी पडत नाही.”

बोलता बोलता ती थबकली. साहेबांकडे वळली.

“मग साहेब, तुमचा ढिगारा काहून उघडा ठेवला?”

“अहो बाई, झाकायला माती लागते, वर्षं लागतात. सातवी शिकून हे कळत नसतं.”

“नाही जी. मले वांगंच कळते.”



बाबांनी हात पुसले आणि साहेबांच्या हातून पेला घेतला. प्रणितानं लेकराला छातीशी धरलं...

बाबांनी पेला तिच्यासमोर ठेवला आणि ते पुन्हा विळीकडे वळले.

“दर महिन्याला पेला घेऊन हिला विचारायला येत जा, साहेब. हिला या पाण्याची तहान लागली, की मी पितो.”