शेजाऱ्याचं भिक्षापात्र

“त्याचंच नाव का, भंते?”

विहारात पाऊल ठेवताच क्षितिजाने विचारलं. वंदन करायचंही ती विसरली. विद्यापीठात पाली घेऊन बी.ए. करणारी ही मुलगी दर रविवारी भंते धम्मरत्नांकडे विनय, म्हणजे भिक्षूंचे आचारनियम, शिकायला यायची. वर्गात आपण पहिल्या आहोत हे कुणी विसरू नये, याचीही ती पुरेशी काळजी घ्यायची.



उत्तराची वाट न पाहता ती बोलत सुटली. श्रीलंकेत एक सत्र शिकायला विभागातून एकच जण जाणार होता, आणि विभागप्रमुख सरांनी नाव काढलं ते अंकुश मेश्रामचं. पहिल्या वर्षी ज्याला साध्या विभक्ती चालवता येत नव्हत्या, त्याचं. त्याच्यासाठी संध्याकाळी जादा तास. कमवा-शिका योजनेत ग्रंथालयातलं काम, तेही पंख्याखाली बसून. इंग्रजी सुधारावं म्हणून एक मॅडम वेगळ्या. सांगता सांगता तिचा आवाज चिरकला. तिचं स्वतःचं कुणी काही काढून घेतलं नव्हतं, तरी तिचा नुसता जळफळाट चालला होता.

“सर तुमचा शब्द मोडत नाहीत,” ती म्हणाली. “तुम्ही बोललात तर नाव अजूनही बदलेल.”

भंतेंनी घड्याळाकडे पाहिलं. भिक्षूंना माध्यान्हानंतर जेवता येत नाही, आणि पंगत कधीची बसली होती. त्यांनी भाताच्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

“आधी वाढ.”

क्षितिजा फणकाऱ्यातच वाढू लागली, पण वाढत होती नीट. कोपऱ्यातल्या वृद्ध भिक्षूंच्या पात्रात नुसती भाजी दिसली, तिथे तिने एक डाव जास्त घातला. एकांचं भरलेलं दिसलं, त्यांना तिने आग्रह केला नाही.

जेवणं उरकल्यावर भंतेंनी तिला समोर बसवलं.

“दुसऱ्याच्या पात्रात पाहण्याबद्दल भिक्षूंना काय नियम आहे?”

विनयाच्याच पेपरात तिला सर्वांत जास्त गुण होते. “सेखिय नियम, भंते. दोष काढायच्या मनाने दुसऱ्याच्या पात्रात पाहणार नाही.”

“तू तर आज सगळ्यांच्या पात्रांत पाहिलंस.”

“मी भिक्षू थोडीच आहे? आणि मला वाढायचं होतं. द्यायच्या मनाने पाहिलं तर भिक्षूलाही दोष नाही, तशी सूटच आहे...”

बोलता बोलता तिला अंकुशच्या डोक्यावरचा पंखा आठवला. कानशिलं तापली.



पण पोटातली आग अशी घटकाभरात विझत नाही. खाली मान घालून तिने शेवटी विचारलंच, “मग सरांशी बोलाल ना?”

“उद्याच बोलतो,” भंते म्हणाले. “इतकं पाहून ठेवलंयस, तर सांग बेटा... अंकुशला अजून काय कमी पडतंय?”