उंबरठ्याची साक्ष

एका राज्यात पाखरं, घरांच्या भिंतीसुद्धा माणसांशी बोलत आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नसे. तिथे चंद्रकेतू नावाचा प्रधान होता. आधी मशालजी, मग कोतवाल, मग प्रधान. हुशार खराच, राज्याचा कालवा त्यानेच खणवला. पण वाटेत जो आडवा आला तो दिसेनासा झाला, आणि प्रधानाच्या बागेत एक दगडी पुतळा वाढला.

गुंजा तेलीण त्याच्या तळघरातल्या दिव्यांना तेल पुरवी. तिच्या भावाने, माणिकने, भर दरबारात विचारलं होतं, "कालवा खणताना मेले त्यांची नावं कुठे आहेत?" आता तो बागेतला चाळिसावा पुतळा होता. गुंजा रोज त्याच्या पायाशी थांबे आणि पायावरची धूळ पुसून पुढे जाई.

राज्याचा जुना कायदा असा, की चालणारा, उडणारा आणि जागचा न हलणारा असे तीन साक्षीदार राजापुढे बोलले, तर अन्यायाने दिलेला शाप गळून पडे. गुंजाने पदर खोचला.

आधी ती तळघराच्या पहारेकऱ्याकडे, बहिरजीकडे गेली. "बाबा, तळघरात काय होतं ते तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं. कुलूपही मीच लावलं. मलाही शिक्षा होईल."

"होईल."

म्हातारा बराच वेळ किल्ल्या चाळवत बसला. मग उठला आणि त्याने पागोटं बांधलं.

तळघराच्या झरोक्यातल्या साळुंकीला प्रधानाचा दगड करण्याचा मंत्र तोंडपाठ होता. "पिल्लं उडू देत, मग येते," ती म्हणाली. गुंजा आठ दिवस थांबली.

तिसरा साक्षीदार काही मिळेना. भिंती, खांब, सगळ्यांना प्रधानाने मंत्राने मुकं केलं होतं. पण प्रधान मोठा सोवळ्याचा! तळघरातून वर आला की पूजेला जाण्याआधी उंबरठ्यावर पाय धुई. त्या पाण्याने उंबरठ्यावरचा मंत्र केव्हाच धुऊन गेला होता. गुंजाने त्यावर तेल वाहिलं आणि हात जोडले. "बोलाल का?"

"आजवर कुणी विचारलंच नाही," उंबरठा म्हणाला.

उंबरठा हलणार कसा? गुंजाच्या विनंतीवरून राजाच तळघराच्या दारी आला. बहिरजी बोलला, साळुंकी बोलली, शेवटी उंबरठा बोलला, "चाळीस माणसं चालत आत गेली. बाहेर आली ती खांद्यावरून, दगड होऊन."

बागेतले दगड तडकले. माणिकने डोळे उघडले आणि पहिल्याप्रथम विचारलं, "नावं कुठे आहेत?"

राजाने मान खाली घातली. "कोरून घेऊ."

"याला दगड करू?" राजाने चंद्रकेतूकडे बोट दाखवून गुंजाला विचारलं.

"नको, महाराज. त्यालाही त्याच्या बाजूने बोलणारे तीन साक्षीदार शोधू द्या."

चंद्रकेतू कोठडीत बसून अजून शोधतो आहे.

गुंजाचं मन भरून आलं होतं. तिने साळुंकीला बाजरीचं कणीस दिलं, उंबरठ्यावर पुन्हा तेल वाहिलं, आणि भाकरी बांधून कालव्यावर गेली. तिथे बहिरजी शिक्षा म्हणून मेलेल्यांची नावं कोरत होता.

"मला कशाला, पोरी?"

"तुम्ही उठलात म्हणून," ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी बसली.