बोटांना लागलेला वास

फार जुनी गोष्ट. एका रानाच्या कडेला एक माळी आणि माळीण राहत होते. माळी मोठा गुणी, पण उतावळा.

त्यांच्या घरामागे फणसांची गर्द सावली होती. तिथे काही म्हणता काही उगवत नसे. माळ्याने रानातून रानलसणीचे कंद आणले आणि त्या सावलीतच लावले. सगळं गाव हसलं.

रानलसूण मात्र सावलीतच खूश होती. काही वर्षं तिने नुसता तग धरला आणि मग अशी फोफावली, की पाय ठेवायला जागा उरली नाही. नुसतं जवळून गेलं तरी तोंडाला पाणी सुटे. माळ्याचा आनंद पोटात मावेना. त्याने अख्ख्या गावाला तिच्या पानांची चटणी आणि भाकरी असं जेवण सांगितलं.

त्या दिवशी अंगणात पंगत बसली. चुलीवर भाकऱ्या फुगू लागल्या, पोरं ताटल्या वाजवू लागली. मागे माळ्याचे हात भराभर चालले होते. रानात अगदी तशाच पानांचं, पण लसणीचा वास नसलेलं एक विषारी रोपही उगवे आणि कंदांबरोबर तेही बागेत आलेलं असू शकत होतं, म्हणून तो प्रत्येक पान चुरडून हुंगत होता. लसूणच आहे, टाक टोपलीत. ही पण लसूणच, टाक टोपलीत. बघता बघता टोपली भरली.

पाटा धुऊन माळीण त्याला बोलवायला आली. तिलाही राहवलं नाही. माळी खुडत होता त्याच रोपाचं पान तिने तोडलं, चुरडलं, तोंडाशी नेलं आणि थबकली.

"अहो, याला वास कुठाय?"

"काहीतरीच तुझं. एकेक पान हुंगून घेतलंय मी."

"जरा नुसती बोटं हुंगा बघू."

माळ्याने रिकामी बोटं नाकाशी नेली. लसणीचा घमघमाट. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. पहिल्या पानानंतर तो आपल्याच बोटांचा वास घेत आला होता, आणि तिकडे लेकराबाळांसकट गाव ताटावर बसलं होतं.

टोपली तिथल्या तिथे खड्ड्यात पुरली. माळी पंगतीसमोर गेला आणि झालेली चूक त्याने जशीच्या तशी सांगितली.

तशी एक आजी पदर खोचून उठली. "मग बसलात काय? राख आणा, पाणी आणा."

सगळं गाव सावलीत उतरलं. एक रोप खुडायचं, राखेने हात चोळून धुवायचे, मगच पुढचं हुंगायचं. जेवणाला संध्याकाळ झाली, पण चटणी अशी संपली की पाटा धुवायला नको. त्या बागेत पाण्याचा रांजण आला तो कायमचा.

तात्पर्य: पहिल्या यशाचा वास हाताला लागून राहतो, म्हणून नव्याची पारख हात धुऊनच करावी.