चार बोटं जागा

एक होता राजा. पण त्याला आपण जरा बाजूला बसवू, बरं का. आज गोष्ट आहे येसूची. राजा मधे येईल, नाक खुपसेल आणि जाईल, तेवढंच त्याचं काम.

तर ही येसू होती चौदा-पंधरा वर्षांची. आईबाप देवाघरी गेलेले. भाऊ होता, पण वहिनी म्हणाली, "जागा नाही गं घरात." मग येसू गेली मामाकडे. मामाचं घर चांगलं दुमजली. मामी म्हणाली, "चार दिवस राहा, मग बघू." पाचव्या दिवशी येसूचं गाठोडं दारात! मग ती गेली आत्याकडे. आत्या बिचारी रडली, तिला पोटभर जेवू घातलं आणि म्हणाली, "माझ्या हातात काय आहे, बाई?" मग काय करते! येसू उठली आणि चालायला लागली.

चालता चालता नदीकाठी तिला दिसली पांढरीशुभ्र घरं. मोजून चाळीस. ओळीत नाहीत हं, गोल! बायका फेर धरतात ना, तशी एकमेकींना खेटून उभी. पाठ जगाकडे, दारं आतल्या अंगणाकडे. अंगणात विहीर, विहिरीपाशी इवलंसं देऊळ. आत जायला एकच दरवाजा, आणि त्याची कडी आतून.

तिथे राहायच्या फक्त बायका. कुणी विधवा, कुणी लग्नच न केलेल्या. पण जोगिणी नव्हत्या, बरं का. भगवं लुगडं नाही, डोकं भादरणं नाही, जन्मभराच्या शपथा नाहीत. सकाळी मिळून देवाचं म्हणायचं, मग दिवसभर माग चालवायचा. जावंसं वाटलं तर आपल्या हातानं कडी काढून खुशाल जायचं. दोघी-तिघी गेल्याही लग्न करून, तेव्हा बाकीच्यांनी त्यांना नवी लुगडी विणून दिली आणि त्यांची घरं मागून आलेल्यांना मिळाली.

आणि घरं तरी कशी! ती बांधताना बायकांनी ओव्या म्हणत म्हणत माती तुडवली होती. त्या ओव्या भिंतींत मुरल्या आणि घरांना माणसाचं बोलणं कळायला लागलं. नवी बाई आली की सगळ्या म्हणायच्या, "सरका गं बायांनो!" की घरं पंगतीत सरकावं तशी सरकायची, आणि मधे एका घराची जागा व्हायची.

पण आता आला आपला राजा. त्याला घरांच्या भोवतीनं पेरूची बाग करायची होती. त्यानं चहूकडून दगड रोवले आणि दवंडी पिटली, "या दगडांबाहेर एक बोट जरी सरकलात, तरी सगळी घरं पाडून टाकीन!" आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी येसू दारात उभी.

सगळ्यांत वडीलधाऱ्या होत्या भागाई. त्यांनी येसूला आत घेतलं, पाणी दिलं. मग सगळ्या जमल्या आणि म्हणाल्या, "सरका गं बायांनो!" घरं सरकली, पण दगडाला टेकून थांबली. मधे फट पडली मांजरापुरती. मग दुसऱ्यांदा जोरानं ओरडल्या. एक कौल तेवढं खाली पडलं. मग भागाईंनी डोकं खाजवलं आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "सरकू नका गं. जरा पोट आत घ्या. चार-चार बोटं फक्त!"

आणि काय सांगू, एकेका घरानं श्वास ओढून पोट आत घेतलं! कुणाची उतरंड हलली, कुणाचं फडताळ करकरलं. पण फट रुंद होत गेली. बायकांनी दाराची चौकट आणून लावून बघितली. बसेना! चार बोटं कमी.

एका घरानं पोट आत घेतलंच नव्हतं. ते होतं कोंडाबाईचं. तिचा माग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ती आतूनच म्हणाली, "माझा माग कुठे घालू? डोक्यावर?"

येसूनं गाठोडं उचललं आणि भागाईंना म्हणाली, "राहू दे, आजी. माझ्यावरून भांडू नका. मला सवय आहे."

कोंडाबाई खेकसली, "कसली गं सवय, एवढ्याशा वयात?"

"जागा नसण्याची."

कोंडाबाईच्या हातातला धोटा थांबला. तोंडानं फटकळ होती ती, पण मनानं नव्हती. तिला रडूच कोसळलं. रडता रडताच उठली, तिनं एकटीनं माग ओढून दाराकडे वळवला आणि भिंतीवर थाप मारली. "बघतेस काय गं भवाने? घे पोट आत!"

झालं! चौकट बसली. दोन बाजूंच्या भिंती शेजारणींच्या होत्याच, मग राहिल्या पुढची न् मागची. एक्केचाळीस जणींनी माती तुडवली आणि तीन दिवसांत घर उभं राहिलं. कोंडाबाईच्या मागाचं टोक मात्र दाराबाहेर आलं, म्हणून ती पुढे कायम उंबऱ्यावर बसून विणायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारायची.

राजा आला दोर घेऊन. त्यानं एकदा मोजलं, दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. दगडाबाहेर केसभरही काही नाही. घरं मात्र एक्केचाळीस!

"असं कसं झालं?" राजा म्हणाला.

कोंडाबाई उंबऱ्यावरूनच म्हणाली, "महाराज, हद्द तुम्ही आखलीत. आत कसं बसायचं ते आम्ही बघितलं."

राजा आधी लाल झाला, मग हसला, आणि दोर गुंडाळून पेरू लावायला गेला.

येसूनं नव्या घरात गाठोडं ठेवलं, पण सोडलं नाही. ती हळूच कोंडाबाईपाशी गेली. "मावशी, मी इथे किती दिवस राहू?"

कोंडाबाईनं वरही बघितलं नाही. "घर तुझं. मला काय विचारतेस?"

मग येसूनं गाठोडं सोडलं.

तिथे सगळ्या सुखात राहिल्या, भांडल्या, विणत राहिल्या आणि पेरू खाऊन म्हाताऱ्या झाल्या. झाली गोष्ट. आता गुपचूप डोळे मिटा, मलाही झोप आली आहे.