‘आला’ म्हणायची नोकरी

एका जंगलात टेकोबा नावाचा टिटवा राहत होता. टिटव्यांच्या रिवाजाप्रमाणे तो रात्री पाय वर करून झोपायचा, आभाळ खाली पडू नये म्हणून. “पडलंय का अजून? मग!” असं तो रोज सकाळी लेकीला ऐकवायचा. त्या दिवशीही ऐकवलं. लेक मुरमी म्हणाली, “आबा, किडे पळून चाललेत. आधी खाऊन घ्या.”

पण टेकोबाला खायला सवड नव्हती. त्याला सरकारी नोकरी लागली होती.

त्याचं असं झालं. जंगलाचं वीजघर होतं तळ्याकाठी आणि कोळशाची टेकडी होती लांब खाडीकाठी. मधल्या वाटेनं कोळसा गाढवं वाहत. गाढवं भाडं मागत, हा त्यांचा दोष दरबाराला खुपे. म्हणून प्रधान तरसरावांनी योजना काढली. कोळसा कुटायचा, खाडीच्या खाऱ्या पाण्यात कालवायचा आणि ती रबडी पाइपातून थेट वीजघरात सोडायची. घोषणाही झकास होती : “गोडं पाणी प्रजेला, खारं पाणी कोळशाला!”

चाचणीच्या दिवशी पाइपाच्या तोंडाशी बसून, रबडी दिसताच “आला!” अशी आरोळी ठोकायला दमदार गळा हवा होता. एरवी टिटवी ओरडली की कुणीतरी जाणार, म्हणून सगळे तिला हाकलून लावत. दरबारानं हुकूम काढला : योजना पूर्ण होईपर्यंत टिटवीचा आवाज शुभ समजावा. टेकोबाला रडूच आलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला ओरड म्हणालं होतं.

मुहूर्त टळायला आला तरी पाइप कोरडाच. तरसराव टेकोबाच्या कानाशी लागले. “ओरडा.”

“पण साहेब, आलेला नाही.”

“महाराज आलेत ना? मग कोळसा कुठं जातोय! ओरडा.”

टेकोबा ओरडला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. वाघमहाराज म्हणाले, “प्रजाजनहो, ही रबडी नव्हे, ही प्रगती आहे!” आणि ते पुढच्या उद्घाटनाला गेले.

टेकोबाला चैन पडेना. “मुरमे, आपल्या तोंडून खोटं गेलं गं. आत डोकावून येतो, कुठं अडलाय ते.”

“जाऊ द्या ना आबा. सगळ्यांनी ऐकलं की आला म्हणून.”

“म्हणूनच.”

तो आत गेला. कोळसा आला तो तेव्हा, भरधाव. ‘आला’ म्हणणारा आत होता.

मुरमी दरबारात गेली. तरसराव हळहळले. “पोरी, चाचणी यशस्वी झालीय. यशस्वी चाचणीत कुणी मरत नसतं. तुझे आबा दौऱ्यावर आहेत.”

दौऱ्यावरच्या बापाचं सुतक धरता येत नाही. मुरमीला त्याची जागा मिळाली आणि ती गप्प राहिली. फक्त त्या रात्रीपासून ती पाय वर करून झोपू लागली. आभाळ कुणीतरी धरायला हवं होतं.

पुढं मिठानं पाइपाला भोकं पाडली. वीजघराची यंत्रंही खारं पाणी पिऊन गंजली. तरसरावांनी घोषणेला हात लावला नाही, नुसतं पाणी बदललं. तळ्याचं गोडं पाणी कोळशाला द्यायचं ठरलं, आणि ते टेकडीपर्यंत न्यायला गाढवं लावली.

“आधी कोळसा वाहायचो,” भुऱ्या गाढव मुरमीला म्हणाला. “आता कोळसा आपला आपण येतो, म्हणून त्याच्यासाठी पाणी वाहतो. ओझं जास्त, भाडं कमी. देशसेवा म्हणतात बाई याला.”

तळं आटलं. प्रजेला खाडीचं पाणी मिळू लागलं, हंड्यामागं मीठ फुकट. ज्यांची तोंडं वाकडी झाली, त्यांना खाल्ल्या मिठाला जागायला सांगण्यात आलं.

निवडणूक जवळ आली तशी दुसरी चाचणी ठरली. पुन्हा मांडव, पुन्हा महाराज, पुन्हा कोरडा पाइप. तरसराव मुरमीच्या कानाशी लागले. “ओरड पोरी. आबांसारखी.”

मुरमीनं पाइपाच्या काळ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती आबांसारखीच ओरडली.

“नाही आला! कोळसा नाही आला! तेव्हाही आला नव्हता! आणि माझे आबा दौऱ्यावर नाहीत. ते या पाइपात मेले!”

मागं भुऱ्यानं पाठीवरचे हंडे खाली टाकले. मांडवात मात्र टाळ्या ठरल्या वेळी सुरू झाल्याच होत्या. त्या थांबायच्या आत दरबाराचा हुकूम आला : टिटवीचा आवाज आजपासून पुन्हा अशुभ समजावा.

त्या राज्यात वेळेवर यायचा तो तेवढा हुकूमच.